यंत्राला येईना, लाकूड वाकडे

माउंट मौंगानुईला फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींना तिथला डोंगर, समुद्रकिनारा आणि आइस्क्रीमची रांग चांगली ठाऊक असते. बंदराच्या कुंपणापलीकडे रचलेल्या ओंडक्यांच्या राशी मात्र बहुतेकजण गाडीच्या काचेतून पाहतात आणि पुढे जातात. वास्तविक या देशाच्या अर्थकारणातला एक मोठा प्रश्न त्या राशींत पडून आहे. न्यूझीलंडमध्ये दरवर्षी जेवढे लाकूड तोडले जाते, त्यातले निम्म्याहून अधिक असेच गोल ओंडक्यांच्या रूपात परदेशी जाते, बहुतेक चीनला. टौरंगा हे देशातले सर्वांत मोठे बंदर, त्यामुळे ही रास इथे विशेष नजरेत भरते. कापूस पिकवायचा आपण आणि कापड विणायचे मँचेस्टरने, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचे गाऱ्हाणे इथे लाकडाच्या बाबतीत जसेच्या तसे ऐकू येते.

हे लाकूड जवळजवळ सगळे एकाच जातीचे, रेडिएटा पाइनचे. मूळचे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे हे झाड इथल्या हवापाण्याला असे मानवले की लागवडीच्या जंगलांपैकी सुमारे नव्वद टक्के जंगल त्याचेच आहे. पंचवीस-तीस वर्षांत ते तोडणीला येते. आपल्या सागाच्या हिशेबात हे पोरवयच! म्हणून लाकूड मऊ, गाठी पुष्कळ, आणि खोडाच्या गाभ्याजवळचा भाग तर वाळताना पिळवटतो. आज सरळ दिसणारी फळी उद्या पंख्याच्या पात्यासारखी होते. सुताराने वैतागून म्हणावे, हे लाकूड ऐकत नाही.

न ऐकणाऱ्या लाकडाचे करायचे काय, या प्रश्नाला गेल्या पंधरा-वीस वर्षांत एका अनपेक्षित दिशेने उत्तर मिळू लागले आहे. मोटारीच्या कारखान्यात पत्रे जोडणारा यंत्रमानव, म्हणजे तो सहा सांध्यांचा लांबलचक लोखंडी हात, काही वास्तुशिल्पकारांनी आपल्या कर्मशाळेत आणला आणि त्याच्यापुढे लाकूड, जवसाचे धागे, ओली माती असे पदार्थ ठेवले. ऐकताना हे सोवळ्यातल्या आजीला विमानात बसवल्यासारखे वाटते. पण त्यामागचा विचार सरळ आहे आणि तो समजण्यासाठी आधी यंत्रे येण्यापूर्वीच्या सुताराकडे जावे लागते.

गावचा सुतार फळी विकत घेत नसे, तो झाड निवडत असे. नांगरासाठी त्याला बाभळीचा असा बुंधा हवा असे, ज्याला हवा तो बाक निसर्गानेच दिलेला आहे. यात काटकसर होतीच, पण त्याहून मोठे शहाणपण होते. लाकूड म्हणजे बारीक उभ्या नळ्यांची एक मोळी. त्या नळ्यांच्या दिशेने ओढ बसली तर लाकूड फार बळकट. आडवी बसली तर ते सहज चिरते. सरळ फळीतून वाकडा तुकडा कापून काढला तर त्या नळ्या मध्येच तुटतात. जे झाड वाऱ्यामुळे किंवा उतारावर वाढल्यामुळे वाकडे झाले, त्याच्या नळ्या मात्र वाकासोबत वळलेल्या असतात. फांदी फुटते तिथे तर झाडाने धागे एकमेकांत असे गुंतवलेले असतात की तसा सांधा कुठल्याही सुताराला जमणार नाही.

कोकणातले होड्या बांधणारे कारागीर फासळ्यांसाठी अशीच नैसर्गिक बाकाची लाकडे शोधत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली जी मोठमोठी जहाजे झाली, त्यांच्या आतल्या बाकदार फासळ्यांचे तंत्रही हेच. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या काळात, १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे मलबारी सागाचे जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. वाकड्या लाकडाची याहून चांगली शिफारस कोणती असणार?

मग वाफेवर चालणाऱ्या करवती आल्या आणि लाकडाकडे पाहण्याची नजरच बदलली. करवतीला डोळे नव्हते. तिला सरळ ओंडका लागे आणि ती सगळ्या ओंडक्यांतून एकाच मापाच्या फळ्या काढी. वाकडे, दुबेळके, गाठाळ झाड सरपणात गेले किंवा पुढे कागदाच्या लगद्यात. 'नाचता येईना, अंगण वाकडे' या म्हणीचा हा औद्योगिक अवतार! काम यंत्राला जमत नव्हते आणि दोष लाकडाच्या माथी बसला.

पाठोपाठ आला हिशेब. पोलादाची तुळई कारखान्यातून निघते तेव्हा तिची ताकद जवळपास नेमकी ठाऊक असते. लाकडाचे तसे नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत दुपटीचा फरक असू शकतो. अभियंत्याला तर आकडा हवा. म्हणून पद्धत अशी पडली की एका प्रतीच्या शंभर फळ्या घेतल्या, तर त्यातल्या अगदी कमजोर अशा पाच फळ्यांच्या आसपास जी ताकद भरेल, तीच सगळ्यांची धरायची. सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की वर्गातल्या पाच ढ मुलांच्या गुणांवरून उरलेल्या पंचाण्णवांची पत्रिका लिहिली जाते. चांगल्या फळीची ताकद आहे हे कुणाला ठाऊकच होत नाही आणि इमारतीत गरजेपेक्षा जास्त लाकूड घातले जाते.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सगळ्या लाकडाची सरासरी करून टाकणे. दुसरा म्हणजे प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र ओळख करून घेणे.

पहिल्या मार्गावर न्यूझीलंड बरेच पुढे गेले आहे. पेन्सिलला टोक करताना जशी एकसंध साल निघते, तसा ओंडका फिरवत त्याचे सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे पापुद्रे काढायचे, वाळवायचे आणि धाग्यांची दिशा एक ठेवून थरावर थर चिकटवायचे. याला लॅमिनेटेड व्हेनिअर लंबर, थोडक्यात एलव्हीएल म्हणतात. एखाद्या पापुद्र्यात गाठ असली तरी तिच्या वरखाली दहा पापुद्रे निरोगी असतात, त्यामुळे दोष एका जागी साठत नाही. कच्च्या पाइनमधून अशा रीतीने भरवशाची तुळई निघते. रोटोरुआला 'सायन' या वनसंशोधन संस्थेसाठी २०२१ साली पुरी झालेली 'ते व्हारे नुई ओ तुतेआता' ही तीन मजली इमारत या पदार्थाचा उत्तम नमुना आहे. (ही संस्था २०२५ मध्ये इतर संस्थांबरोबर एका मोठ्या शासकीय संशोधन संस्थेत विलीन झाली; इमारत अर्थातच जागच्या जागी आहे.) आरटीए स्टुडिओ आणि आयर्विंग स्मिथ या वास्तुशिल्पकारांनी तिला सरळ खांबांऐवजी तिरप्या एलव्हीएल तुळयांची जाळी दिली. टोपली विणावी तशी ही जाळी इमारतीला सगळीकडून धरून ठेवते, आणि भूकंपाच्या देशात तिरप्या आधाराचे मोल वेगळे सांगायला नको. तुळया जिथे एकमेकींना भेटतात ते डव्हटेल धाटणीचे सांधे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्राने कापलेले आहेत. कुसू खाचेत बसवण्याची आपल्या सुताराची विद्याच ती, फक्त वाकस आणि पटाशीच्या जागी फिरते पाते आले.

दुसरा मार्ग अधिक अवघड आणि मला विचाराल तर अधिक रंजक आहे. त्याचे सर्वांत साधे रूप आपल्या स्वयंपाकघरातच आहे. बाजारात नारळ घेताना तो वाजवून पाहतात. माठ घेताना बोटाने टिचकी मारतात. लाकडाचेही तेच. ओंडक्याच्या टोकावर हातोडीचा ठोका दिला की त्यातून जाणारा आवाज दुसऱ्या टोकावर आपटून परत येतो. तो जितका लवकर परतेल तितके लाकूड ताठ. या तत्त्वावर चालणारे हातात धरायचे उपकरण न्यूझीलंडमध्येच तयार झाले आणि त्याचे नाव आहे 'हिटमॅन'. रोहित शर्माचा याच्याशी काही संबंध नाही, पण ठोका मारून ओंडक्याची जात ओळखायची म्हटल्यावर नाव चपखल म्हणायला हवे.

आवाजाने ताठरपणा कळतो, आकार कळत नाही. तिथे कॅमेरा आणि लेझर येतात. एका ओंडक्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली की संगणक त्यांची तुलना करून पृष्ठभागावरचे लाखो बिंदू अवकाशात नेमके कुठे आहेत ते काढतो. म्हणजे प्रत्येक ओंडक्याची जणू कुंडली तयार होते. मग आज्ञावली त्या सगळ्या कुंडल्या समोर ठेवून कोणता तुकडा कुठे शोभेल ते जुळवते. (पत्रिका जुळवण्याचा आपल्याकडचा अनुभव पाहता हे काम संगणकाला दिले हे बरेच झाले.) जागा ठरली की सांधा कुठे, किती खोल आणि कोणत्या कोनात कापायचा हे ठरते आणि शेवटी तो सहा सांध्यांचा हात त्याच तुकड्याच्या बेढब अंगावर अचूक खाच कोरतो. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटारीच्या कारखान्यातला यंत्रमानव एकच काम दहा हजार वेळा करतो. इथे तो दहा हजार वेगवेगळी कामे एकेकदा करतो, आणि त्याला दोन्हींचे श्रम सारखेच. माणसाला प्रत्येक वेळी नवे माप घ्यावे लागले की मजुरी वाढते. यंत्राला नुसते नवे आकडे द्यावे लागतात. तपशिलातला हा फरक नीट पाहिला की नैसर्गिक पदार्थ आणि यंत्रमानव यांची सोयरीक कशी जमली ते उमगते.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात हुक पार्क नावाचे जंगल आहे. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या जुन्या वास्तुकला विद्यालयाची कर्मशाळा तिथे आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१६ च्या सुमारास लाकडाचा चुरा साठवायचे एक कोठार बांधले. त्यासाठी त्यांनी जंगलात उभ्या असलेल्या बीच वृक्षांतून दुबेळकी झाडे हेरली, म्हणजे नेमकी तीच, जी करवतीच्या गिरणीने सरपणात काढली असती. त्यांची छायाचित्रे, कुंडल्या, जुळवाजुळव सगळे वर सांगितल्याप्रमाणे झाले आणि यंत्रमानवाने सांधे कापल्यावर वीस दुबेळक्यांची एक मोठी कमान उभी राहिली. भार जिथे सर्वांत जास्त येतो तिथे सांधा सुताराचा नसून झाडाचा आहे. चित्रात ती कमान पाहिली की कोकणातल्या एखाद्या बांधत्या होडीचा सांगाडा उलटा करून ठेवल्यासारखा भासतो. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातले सर्वांत प्रामाणिक काम हेच. दिसायला ओबडधोबड, पण विचार स्वच्छ.

जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठातले काम अधिक गाजलेले आहे. आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स या दोघांच्या गटांनी २०१० पासून जवळजवळ दरवर्षी एकेक मंडप उभारून पाहिला. २०१४ साली श्वेबिश ग्म्युंड गावी त्यांनी बांधलेले दालन बीचच्या पन्नास मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे आहे. समुद्री साळिंदराच्या कवचात जसे तुकडे बोटांत बोटे गुंतवल्यासारखे अडकलेले असतात, तसे या दालनात २४३ तुकडे आहेत. एकासारखा दुसरा नाही, आणि त्यांच्यात सुमारे ७,६०० सांधे आहेत. सगळ्या कवचाला बारा घनमीटर लाकूड लागले. २०१९ साली हाइलब्रॉनच्या उद्यानप्रदर्शनात त्यांनी तीस मीटर रुंदीचा लाकडी मंडप मध्ये एकही खांब न देता उभा केला. त्याचे ३७६ पोकळ तुकडे यंत्रमानवांनी चिकटवले, कापले आणि प्रत्यक्ष जागी ते अवघ्या काही दिवसांत जोडले गेले. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात ग्रामात्सिओ आणि कोलर यांनी २०१६ साली याच्या उलट टोकाचा प्रयोग केला. अगदी साध्या, आखूड अशा ४८,६२४ पट्ट्या यंत्राने एकावर एक रचून त्यांनी २,३०० चौरस मीटरचे छप्पर केले. आखूड, दुय्यम प्रतीचे लाकूड ज्या देशात डोंगरासारखे पडते, त्या देशाने हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

पण मला सर्वांत आवडतो तो उरबाखचा मनोरा. स्टुटगार्टजवळच्या या गावी २०१९ साली उभारलेला हा चौदा मीटर उंचीचा लाकडी मनोरा बारा वळणदार फळकांचा आहे. ती वळणे कुणी दाबून दिलेली नाहीत. लाकूड आपले आपणच वळले आहे. लाकूड वाळताना धाग्यांच्या आडव्या दिशेने पुष्कळ आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात कोकणातली दारे फुगून अडकतात आणि दिवाळीनंतर निमूट लागतात, ते याच कारणाने. स्टुटगार्टच्या मंडळींनी ओलसर फळ्यांचे दोन थर धाग्यांची दिशा एकमेकींना आडवी ठेवून चिकटवले आणि भट्टीत वाळायला ठेवले. एक थर आकसू पाहतो, दुसरा आकसू देत नाही; परिणामी सगळा फळक पापडासारखा वळतो. किती वळणार याचे गणित आधीच केलेले. वाळल्यावर असे थर एकमेकांवर चिकटवले की वळण कायम होते. म्हणजे ज्या खोडीपायी सुतार शतकानुशतके वैतागला, तीच खोडी कामाला लावली. रेडिएटा तर या खोडीचा बादशहा. इथे कुणी तरी हा उद्योग मनावर घ्यायला हवा.

इतर पदार्थांविषयी थोडक्यात सांगतो. फ्रायबुर्गच्या वनस्पती-उद्यानात २०२१ मध्ये जवसाच्या धाग्यांचा एक मंडप झाला. राळेत भिजवलेले धागे यंत्रमानवाने चौकटीवर गुंडाळले आणि ते घट्ट झाल्यावर त्यांनीच छप्पर पेलले. आपण ज्याची चटणी करतो तेच हे जवस. न्यूझीलंडमध्ये ज्याला 'फ्लॅक्स' म्हणतात ते हराकेके हे निराळेच झाड, धाग्यासाठी माओरी समाजाने पिढ्यानपिढ्या जोपासलेले. इटलीत मासा लोंबार्दा इथे २०२१ सालीच स्थानिक मातीचे 'टेक्ला' नावाचे घर यंत्राने थरावर थर सोडत बांधले. त्या मातीत भाताचा तूस मिसळला होता, हे वाचून आपल्याकडच्या मातीच्या भिंती लिंपणाऱ्या बायकांना फारसे नवल वाटणार नाही.

या सगळ्याचे कौतुक करताना काही शंका मात्र बाजूला सारता येत नाहीत. यातले बरेचसे बांधकाम प्रदर्शनातले, मंडपांचे; त्यात कुणी चुलीवर दूध तापवत नाही की पोरे अंघोळी करत नाहीत. दुसरे म्हणजे डिंक. प्लायवूड असो, एलव्हीएल असो की जवसाचा मंडप, सगळ्यांना चिकटवते ते रसायनच. 'नैसर्गिक' हा शब्द छापील पत्रकात जितक्या ठळकपणे येतो तितका तो पदार्थात नसतो. डिंक न लागता नुसत्या कुसू-खाचेने उभे राहणारे बांधकाम उद्या सुटे करून पुन्हा वापरता येते. चिकटवलेल्याचे तसे नाही.

आणि तिसरी शंका मराठी माणसाला पडायलाच हवी. यंत्रमानव लागतोच कशाला? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगावी, शारदा शाळेच्या आवारात, २०१८ साली माया सोमय्या ग्रंथालय बांधून झाले. मुंबईच्या समीप पडोरा आणि सहकाऱ्यांची ही रचना. जमिनीतूनच उगवल्यासारखे लाटेसारखे छप्पर, पातळ विटांच्या थरांचे, आणि मुले त्यावर चढून पलीकडे उतरतात. असे कवच उभे राहते ते आकाराच्या बळावर. भार सगळा दाबाच्या रूपात जमिनीकडे जावा असा आकार सापडला पाहिजे. तो चुकला तर विटा ताण सोसत नाहीत आणि भेग पडते. स्पेनमधल्या कॅटलोनियात शतकांपूर्वी गवंडी हे काम अनुभवाने करत. कोपरगावच्या छपराचा आकार शोधण्यासाठी झुरिकमध्ये तयार झालेली 'राइनोव्हॉल्ट' ही आज्ञावली वापरली. विटा मात्र माणसांनी हातांनी बसवल्या. म्हणजे संगणकाने विचाराचा भाग घेतला आणि हाताचे काम हाताकडे राहिले.

न्यूझीलंडमध्ये हेच काम निघाले असते, तर गवंड्याच्या मजुरीचा आकडा पाहून ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी पत्र्याचे छप्पर पसंत केले असते. इथे सुतारकामाचा तास महाग आणि हात कमी, म्हणून यंत्राचा विचार होतो. तिकडे हात आहेत, पण त्या हातांतली विद्या पुढच्या पिढीकडे जाईल याची खात्री नाही. कुडाळचे कोनबॅक हे केंद्र सिंधुदुर्गातल्या बांबूपासून मोठी बांधकामे करते, तेही आजवर कारागिरांच्या हातांवरच. बांबू हा तर लाकडाहून लहरी. प्रत्येक काठीची जाडी, पेरांचे अंतर आणि बाक निराळा. ओंडक्यांची कुंडली मांडणारी विद्या बांबूच्या एखाद्या केंद्रात पोचली, तर कारागिराच्या हातातले काम न काढून घेता त्याला निवडीत मदत करता येईल. संगणकाच्या व्यवसायातली आपली इतकी मुलेमुली इथे आणि तिथे आहेत. चित्रावरून आकार ओळखणारी आज्ञावली लिहिणे हे त्यांचे रोजचे काम आहे. बँकेच्या पावत्या वाचणारी आज्ञावली आणि बांबूची पेरे मोजणारी आज्ञावली यांत तत्त्वाचा फरक फारसा नाही.

इथल्या जुन्या विद्येविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. माओरी सभागृहांच्या बांधणीत 'मीमिरो' नावाची पद्धत होती. लाकडी चौकटीचे भाग एकमेकांत अडकवायचे आणि दोराने ताणून जमिनीकडे आवळायचे. खिळा लागत नाही. ऑकलंड विद्यापीठातले जेरेमी ट्रेडवेल आणि अँथनी होएते यांनी ही पद्धत पुन्हा अभ्यासली आणि पूर्ण आकाराच्या चौकटी उभारून त्यांच्यावर भूकंपासारखे जोर लावून पाहिले, तेव्हा त्या टिकल्या. टौरंगासमोरच्या मोटिटी बेटावर असे सभागृह पुन्हा उभे राहावे, हा त्यामागचा हेतू. विशेष म्हणजे कँटरबरी विद्यापीठाच्या अभियंत्यांनी भूकंपासाठी लाकडी भिंती पोलादी सळ्यांनी ताणून धरण्याची जी पद्धत काढली आणि जी २०११ साली नेल्सनच्या तंत्रनिकेतनाच्या इमारतीत वापरली गेली, तिचे तत्त्व या दोराच्या तत्त्वाहून फार दूरचे नाही.

आता आपल्या घराचा प्रश्न. आपल्यापैकी ज्यांनी इथे घर घेतले त्यांना 'लीकी होम' या शब्दाचा धसका ठाऊक आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दहा वर्षे या देशात जी घरे बांधली गेली, त्यातल्या पुष्कळ घरांना पागोळ्या टाकणारा छज्जा नव्हता, भिंतीच्या बाहेरच्या आवरणामागे पाणी निथळायला पोकळी नव्हती, आणि आत औषध न मारलेले पाइन होते. पाणी आत गेले ते बाहेर आलेच नाही आणि चौकटी कुजल्या. २००९ साली सरकारसाठी केलेल्या अंदाजात अशी सुमारे बेचाळीस हजार घरे धरली होती. कित्येक कुटुंबांची आयुष्यभराची बचत त्यात गेली. टौरंगा नगरपालिकेच्या जुन्या कार्यालयातही २०१४ मध्ये पाणी मुरून विषारी बुरशी सापडली आणि कर्मचाऱ्यांना हलवावे लागले. त्याच नगरपालिकेचा कारभार आता डेव्हनपोर्ट रोडवरच्या आठ मजली इमारतीतून चालतो, आणि ती मुख्यतः लाकडाच्या भारदस्त फळकांची व तुळयांची आहे. बांधली जात असताना देशातली सर्वांत मोठी लाकडी कार्यालयीन इमारत असे तिचे वर्णन केले जात होते.

लाकडाने दगा दिला असे जे म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की दगा तपशिलाने दिला होता. मात्र नव्या पद्धतीच्या उत्साहात हाच तपशील पुन्हा निसटू शकतो. यंत्रमानव सांधा केसाच्या जाडीइतका अचूक कापतो, पण त्या सांध्यात साचलेले पाणी कुठून वाहून जाईल हे त्याला कुणी तरी सांगावे लागते. बांधकाम चालू असताना लाकूड भिजू न देणे, भिजले तर झाकण्यापूर्वी वाळवणे, ओलावा मोजून लिहून ठेवणे, ही कामे रटाळ आहेत आणि छायाचित्रात दिसत नाहीत. लाकडी बांधणीचे नवे घर किंवा सदनिका घेणाऱ्याने रंग आणि स्वयंपाकघराचे फडताळ पाहण्याआधी या नोंदी मागाव्यात.

यंत्रमानव टौरंगात आहेतच. इथल्याच रोबोटिक्स प्लस या कंपनीने 'आयसो' या माल हाताळणाऱ्या कंपनीसाठी ट्रकवर लादलेले ओंडके मोजणारे यंत्र केले. पूर्वी हे काम माणसे हातात मोजपट्टी घेऊन, ट्रकच्या अवतीभवती फिरत करत. काम धोक्याचे आणि कंटाळवाणे. आता यंत्राचा हात ओंडक्यांच्या टोकांवरून फिरतो आणि मोजमाप लिहून घेतो. त्या आकड्यांवरून बिल तयार होते. मग ओंडका जहाजावर चढतो आणि त्याच्यासोबत, हा ओंडका कशाला योग्य ठरला असता हा प्रश्नही जातो.

रोटोरुआला रेडवूड्सचे उंच झाडांचे जंगल पाहायला आपण सगळेच पाहुण्यांना नेतो. 'ते व्हारे नुई ओ तुतेआता' त्या जंगलाला लागूनच आहे. बाहेरच्या काचेतून तिरप्या तुळयांची जाळी स्वच्छ दिसते. मुलांना तिथे पाच मिनिटे थांबवावे आणि दोन तुळया जिथे भेटतात त्या सांध्यात लोखंडाची पट्टी कुठे दिसते का, ते शोधायला सांगावे.